बेकरीवाल्यांनी हरवलं तो शुक्रवार

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगखाली बेकरी आहे. गरम खुबूसचा, म्हणजे अरबी रोटीचा, वास आला की माझी डावी भुवई अजून ठणकते.

ती फुटली तेव्हा मी शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजात कामाला होतो. आम्ही सगळे कोल्हापूरच्या एकाच पेठेतले, फुटबॉलसाठी जीव टाकणारे. मी गोलकीपर. त्या शुक्रवारी समोर बेकरीतल्या कामगारांची टीम होती, निम्मे अनवाणी. आमच्या लोकांनी मॅचआधीच गुलाल उधळला, हलगी कडाडली. आणि त्या अनवाणी माणसांनी आम्हाला चार गोल घातले.

शिट्टी वाजली तशी आमचीच माणसं माझ्यावर धावून आली. "पेठेची इज्जत घालवलीस," म्हणत हलगी वाजवणाऱ्या तानाजीने तिची कड माझ्या डाव्या भुवईवर हाणली. मग लाथा, तोंडात वाळू आणि रक्ताची खारट चव. ज्याने दोन गोल मारले होते तो बेकरीवालाच माझ्या अंगावर आडवा पडला. "खलास, भाई, खलास," म्हणजे बस, पुरे, असं ओरडत माझ्या वाटच्या लाथा खात राहिला. त्याच्या बाहीला खुबूसचा वास होता.

क्लिनिकमध्ये मला तानाजीनेच नेलं, हुंदके देत. टाके घालताना डॉक्टरने विचारलं, "कैसे लगा?" प्रकरण पोलिसात गेलं असतं तर तानाजी थेट परतीच्या विमानात बसला असता.

माझ्याआधी तोच म्हणाला, "बॉल लगा, साब."

मी मान हलवली. तेव्हा संताप गिळला होता, आता हसू येतं. त्या मॅचमध्ये मी अडवलेला तेवढाच एक बॉल.