पाकिटाची मागची बाजू

वहीत एक ओळ लिहायला बसावं, तर चार किस्से निघतात! दर रविवारी अंजूरला मंदाकाकींच्या ओटीवर बसून आम्ही खाऊच्या पाकिटांची मागची बाजू वाचतो. रिकामी पाकिटं चिकटवून माझी वही आता मिटेनाशी झाली आहे.

सुरुवात शेजारच्या सुलभावहिनींमुळे झाली. त्या जवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला असतात. शेंगदाणा पोटात गेला की त्यांचा घसा सुजतो. एकदा शेवेचं पाकीट खाऊन त्या थेट दवाखान्यात ॲडमिट! तेव्हापासून मी डिक्शनरी घेऊन बसतो आणि बारीक इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचतो.

पहिल्याच रविवारी मी सांगितलं, "जे जास्त, ते यादीत आधी." काकींनी मधाच्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. मैदा, साखर, तेल... मध अगदी शेवटी.

"म्हंजे माशी नुसती वरून उडून गेली!" काकी म्हणाल्या.

आंब्याच्या सरबताची यादी वहिनींनी मला तीनदा वाचायला लावली. साखर होती, रंग होता, वास होता. आंबा नव्हता. काकींनी बाटलीवरच्या चित्रालाच विचारलं, "तू रं कोनाच्या वरातीत आलास?"

काकींचा विश्वास कुणावरच नाही. मी वाचलेलं त्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडून परत तपासून घेतात. दुकानात तारखेवरचं स्टिकर नखाने खरवडतात. दुकानदार वैतागला, "चाची, बिस्कुट लेना है या तलाशी?"

"पहले तलाशी!"

स्टिकरखाली निघालेली तारीख मागच्या दिवाळीची होती.

मग गावच्या जत्रेत महिला मंडळाने स्टॉल लावला. काकींची सुकी चटणी भिवंडीपर्यंत प्रसिद्ध. त्यांनी सांगितलं तसं लेबल मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : सुकं खोबरं, तीळ, लाल मिरची, लसूण, मीठ.

वहिनींनी ते दोनदा वाचलं. "अगंबाई, ही मला चालेल!" पाकीट फोडून त्यांनी चिमूटभर चटणी उचलली. ती तोंडाशी नेणार, एवढ्यात काकींनी हातावर असा फटका मारला, की चटणी टेबलभर झाली.

"तुला न्हाय चालायची ती!"

"का? काकी, यात दाणे कुठे लिहिलेत?"

काकींनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सगलंच लिवलं, तर बाया घरीच करतील ना!"