तिकडच्यांचा नारळ

ओझरकडच्या आमच्या मळ्यात खोदकाम निघालं की तोच जेसीबीवाला येतो. मशीन सुरू करण्याआधी तिच्या लोखंडी दातांवर थाप मारतो, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. आणि मशीन बंद असली तरी तिच्या आवाजाच्या वर ओरडल्यासारखंच बोलतो.

यंदा नव्या द्राक्षबागेसाठी चाऱ्या खोदायच्या होत्या. जुन्या विहिरीजवळचा झुडपांचा गोल उंचवटा आडवा आला आणि जेसीबीवाल्याने मशीनच बंद केली.

"ताई, हितं साती आसरा राहत्यात. पाण्याच्या बाया. मी नाय हात लावणार."

"अहो, माझी अख्खी ओळ मधेच तुटेल!"

"तुटू द्या. त्यांचं घर तुटण्यापरीस बरं."

मी चिडले, आणि मग मला हसूच आलं. चहा पिताना त्याला सांगितलं, की दूर आयर्लंडमध्येही शेतकरी असे गोल उंचवटे नांगरत नाहीत. तिथे पऱ्या राहतात म्हणे. तो इतका खूश झाला की बशीतला चहा सांडला.

"पाऊस हाय का तिकडं?"

"भरपूर."

"मग ह्यांच्याच बहिणी त्या!"

उंचवटा राहिला, ओळ तुटली. काम संपलं तेव्हा त्याने झुडपांपुढे नारळ फोडला आणि पिशवीतून आणखी एक काढला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"तिकडच्यांचा. लय थंडीचा मुलूख, तिथं कुठला नारळ? ह्या पोचवतील की."