आठ दिवसांचा अबोला

अण्णाशी आठ दिवस बोलायचं नाही असं मी ठरवलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आठच दिवस. त्याहून जास्त दिवस पुरेल एवढा राग माझ्यात नव्हता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडगावात आमच्या घरी दोन हातमाग होते, एकावर तो आणि दुसऱ्यावर मी. आईवडील गेलेले, वहिनी नुकतीच घरात आलेली. सूत मागावर चढवण्याआधी त्याची पांजणी करावी लागे. सकाळी लवकर गल्लीत सूत लांबवर ताणायचं, त्याला खळ लावायची आणि दोघांनी दोन बाजूंनी कुंचा फिरवत एका चालीनं पुढं सरकायचं. ऊन तापायच्या आत हे उरकलं नाही तर सूत कडक होतं आणि तटातट तुटतं. एका पांजणीच्या आदल्या रात्री मी लष्कराच्या कॅम्पाकडं नाटकाला गेलो होतो. सकाळी उगवलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि अण्णा एकटाच या बाजूनं त्या बाजूला धावत होता. निम्मं सूत वाया गेलं होतं. साऱ्या गल्लीसमोर तो मला म्हणाला, "तुझ्यापरास भिंत बरी रं. टेकायला तरी येती."

चूक माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चूक कळणं वेगळं आणि ती चारचौघांत ऐकून घेणं वेगळं. म्हटलं, बरं, भिंत तर भिंत.

आठ दिवस झाले. नवव्या दिवसापासून मी वाट बघू लागलो की आधी तो बोलेल. तोही आमच्याच बापाचा लेक. महिना गेला, दिवाळी गेली. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असतो तर चार दिवसांत काम अडलं असतं आणि झक मारत बोललो असतो. आमचं काही अडलंच नाही. दोन माग सुरू झाले की घरात शब्द ऐकू येत नाही, विणकराच्या घरात माणसं निम्मं हातानंच बोलतात. पांजणीला त्याचा कुंचा उचलला गेला की माझा उचलला जाई. तुटलेल्या धाग्याकडं मी बोट दाखवलं की तो गाठ मारी. गल्लीतले लोक म्हणत, काय जोडी आहे भावांची. उरलंसुरलं वहिनी बघायची. "भावजी, हे म्हणत्यात उद्या पांजणी हाय." अण्णा दोन हातांवर बसलेला असायचा, तरी मी तिलाच म्हणायचो, "बरं म्हणून सांगा."

पुढं कोगनोळीहून माझ्यासाठी स्थळ आलं, वहिनीच्या नात्यातलं. मुलगी एकदा वहिनीकडं राहायला आली होती. मला ती फार आवडली होती, आता हे लिहायला हरकत नाही. बोलणी थोरल्या भावानं करायची. त्यानं वहिनीकडून निरोप धाडला, "पसंत असंल तर त्यानं मला तोंडानं सांगावं. आजच्या आज जातो." एका 'व्हय'चं काम होतं. तीन दिवस तो शब्द तोंडात घोळवत मी मागावर बसलो. मग वाटलं, हा मला नमवायला बघतोय. महिन्याभरात मुलीचं लग्न दुसरीकडं झालं. शेजारी एक म्हातारे विणकर होते, घरात कानडी बोलणारे. त्यांनी मला कट्ट्यावर बसवून घेतलं. "साकु," ते कानडीत म्हणाले. "पुरं की रं आता. कुणासाठी धरून बसलाइस?" मी नुसता हसलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि माझा सुंभ तर अजून शाबूत होता.

त्यानंतर दुसरं स्थळ आलं नाही. लढाई आली, सुताची ओढाताण सुरू झाली, माझे केस पिकू लागले. संध्याकाळी माग थांबले की मला घरात बसवेना. वहिनी मला भावजी म्हणे, बाहेरचे मामा म्हणत. मला नावानं हाक मारून 'अरे' म्हणू शकणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते भिंतीकडं तोंड करून जेवत होतं.

लढाई संपता संपता अण्णाला मोठा ताप आला. कॅम्पातल्या दवाखान्यातून औषध मीच आणलं, त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं फिरलो. तो उठला, पण जास्तच ताठला. गल्लीत कुणी रामराम केला तरी सरळ पुढं निघून जाई. वहिनीशीसुद्धा ओरडून बोले. खरं सांगतो, मला आतून बरं वाटे. बघा म्हणावं, माणूसच तसा आहे.

दोन वर्षांनी वहिनी आजारी आईकडं कोगनोळीला गेली. निरोप न्यायला घरात कुणी उरलं नाही. मी पिठलं करायचो, तो आपलं ताट वाढून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही माग थांबलेले होते. तो माझ्याकडं पाठ करून धागे सांधत बसला होता. मी म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं." माझाच आवाज मला परका वाटला. त्यानं मागं पाहिलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो. मग त्या सकाळचं बोललो, त्या मुलीचं बोललो, वीस वर्षांचं सगळं बोललो आणि बोलता बोलता रडलो. तो धागे सांधत राहिला. त्याचा खांदासुद्धा हलला नाही.

वहिनी परत आली तेव्हा माझं गाठोडं बांधून तयार होतं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम बघतो म्हणालो. का, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा घडलं ते सांगितलं. ती म्हणाली,

"पाठीमागनं बोलला व्हय? भावजी, त्यास्नी ऐकू येत न्हाय. त्या तापात कान गेलं. आख्ख्या गल्लीला ठाव हाय. तुमास्नी ठाव न्हाय?"

एका घरात, एका छपराखाली राहून मला ठाऊक नव्हतं.

मी जाऊन अण्णाच्या समोर बसलो आणि पुन्हा सगळं म्हणालो. तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. वहिनीचे ओठ त्याला वाचता येत, पण इतक्या वर्षांत त्याच्यासमोर माझं तोंड कधी हललंच नव्हतं. हलतंय म्हणजे मी भांडायला आलोय, असंच त्याला वाटलं असणार. त्यानं मान खाली घातली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "व्हय रं. माझंच चुकलं. तवा तसं बोलायला नको हुतं."

नाही, तुझं नाही, असं म्हणत मी जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात हलवले. त्याला दिसलं ते एवढंच, की मी त्याची माफी नाकारतोय.

"बरं," तो म्हणाला, आणि मागाकडं वळून त्यानं धोटा उचलला. मी हात हलवतच होतो.