अनावश्यक वजाबाकी

मुलांनो, तुमच्या धाकट्या आजोबांना हळदीला, बारशाला, अगदी दहाव्यालाही एक गोष्ट सांगायची सवय आहे. मोबाइल पुढे करायचा आणि म्हणायचं, "ज्या कम्प्युटरवर तुमची बँक चालते ना, त्याच्या पोटात माझं नाव हाय." ऐकणारे हसतात, पण ते खरं आहे. तुम्ही कधी ते नाव शोधायला गेलात, तर त्याच्याजवळ माझंही नाव दिसेल आणि मी लिहिलेला एक शब्द दिसेल. तो दिसण्याआधी तुम्हाला हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

ते माझे दीर. आयटीआयमधून वायरमनचं काम शिकलेले. कामतघरच्या आमच्या शेडमध्ये माग होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी एक छोटं कार्ड बनवलं. धोटा एकदा या टोकापासून त्या टोकाला गेला की कापडात एक आडवा धागा पडतो, त्याला आम्ही पिक म्हणतो. ते कार्ड पिक मोजायचं. कार्डाचं म्हणणं कम्प्युटरला कळावं म्हणून लागतो तो प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तोही त्यांनीच लिहिला. मी नोकरीभर असलेच प्रोग्राम लिहीत आले होते. मी त्यांचं इंग्रजी नीट केलं, ओळी सरळ केल्या आणि जगभरातले लोक मिळून जो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सांभाळतात त्यांच्याकडे तो पाठवला. तो घेतला गेला. त्या दिवशी दिरांनी सगळ्या आळीत पेढे वाटले.

निवृत्त झाल्यापासून मी त्याच गाभ्याच्या एका कोपऱ्यात थोडंथोडं काम करते. मोजणाऱ्या उपकरणांचा तो कोपरा. तिथे पुष्कळ ड्रायव्हर जमले होते आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. राहनाळच्या गोदामांत जसा प्रत्येक फाटकावरचा वॉचमन आपापल्या पद्धतीने गाडीची नोंद करतो, तसं. मोजणी चढती की उतरती ही दिशा एक ड्रायव्हर अक्षरात सांगे, दुसरा आकड्यात, तिसरा सांगतच नसे. आकडा वापरणाऱ्यापुढे मांडायचं कामही प्रत्येकजण स्वतःच करी, आणि त्याच त्या चुका व्हायची सोय पुन्हापुन्हा. ठरलं असं, की ड्रायव्हरने फक्त उपकरण काय म्हणतं तो आकडा द्यायचा. तो मांडायचा कसा, हे मधला एकच समाईक भाग बघेल. मला असलं काम मनापासून आवडतं. कपाटातले टॉवेल एका मापाने घडी करून ठेवावेत तसं एकेक ड्रायव्हर घेत गेले. प्रत्येक वेळी ओळी कमी होत.

मग दिरांचा ड्रायव्हर आला.

त्यात एक वजाबाकी होती. आडवा धागा तुटला की माग थांबतो, पण जड चाकाच्या जोराने आणखी दोन ठोके मारूनच थांबतो. त्या ठोक्यांत धागा नसतो, कापड वाढत नाही. कार्ड मात्र ते मोजतं. म्हणून माग थांबला की दिरांचा ड्रायव्हर गुपचूप दोन पिक वजा करायचा. दहा-बारा ओळी होत्या, वेड्यावाकड्या, पण त्यांच्या शेडपुरत्या बरोबर. गाभ्याच्या शिस्तीत मात्र ते चूक होतं. त्याच कार्डावर उद्या कोणी बाटल्या मोजल्या, तर दोन बाटल्या गायब होतील. वजाबाकी ड्रायव्हरच्या बाहेर, वेगळ्या प्रोग्राममध्ये असायला हवी. मी ती काढली. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

चुकलं ते पुढे. बदलाबरोबर कारण लिहावं लागतं. मी इंग्रजीत लिहिलं, त्याचा मराठी अर्थ असा: 'ड्रायव्हर सोपा केला आणि त्यातली अनावश्यक वजाबाकी काढली.' मग बटण दाबलं. असा बदल मेलच्या ज्या यादीवर जातो ती सगळ्यांना उघडी असते, आणि मूळ लेखकाचा पत्ता पाठवणारा प्रोग्राम आपोआप घालतो. मूळ लेखक माझ्याच घराच्या तळमजल्यावर जेवायला बसले होते. मध्ये एक जिना. मी तो उतरले नाही. खरं सांगायचं तर उतरायला हवं हे मनातसुद्धा आलं नाही, कारण आधीचे सगळे ड्रायव्हर मी असेच पाठवले होते.

थोड्या वेळाने जाऊबाई वर आल्या.

"काय पाठवलंत ओ त्यांना?"

"कामाचा मेल आहे. का?"

"का म्हणजे? ताटात सुकट तशीच टाकून उठलेत. मी म्हटलं, तिखट झाली का? तर म्हणतात, तिखट न्हाय, अनावश्यक हाय."

मी खाली गेले. दीर पुढच्या खोलीत होते, शेडमधल्या उरलेल्या दोन मागांपैकी एकाला तेल देत. चष्मा कपाळावर, मोबाइल खिशात.

"भावोजी, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलंत की. लेखी सांगितलंत. सगळ्या जगाला सांगितलंत, मला पण सांगितलंत."

"ती वजाबाकी चूक नाही. फक्त तिची जागा..."

"चूक कुठं म्हणालात? अनावश्यक म्हणालात. चूक असती तर भांडलो तरी असतो." त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. "मी मंजुरी पाठवलीय, मॅडम. तुम्ही शिकवली होती तशीच ओळ. नाव, पत्ता, सगळं बरोबर हाय का तेवढं बघा."

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी वहिनी होते.

वर येऊन पाहिलं. त्यांची मंजुरी यादीवर आलेली होती. एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कारणाचा मजकूर नव्याने लिहिला. 'अनावश्यक' काढलं. ही वजाबाकी मागासाठी का लागते आणि तिची योग्य जागा कुठे, ते चार ओळींत मांडलं. पण दुपारच्या घाईनंतर आता घाई करायची नाही, सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचून पाठवायचं, असं ठरवलं. सकाळी पाहते तर बदल जुन्याच मजकुरासकट स्वीकारला गेला होता. त्या कोपऱ्याची राखण परदेशातले एक गृहस्थ करतात. खुद्द मूळ लेखकाने इतक्या तत्परतेने मंजुरी दिली म्हणून त्यांनी आभार मानले होते. मी लगेच त्यांना लिहिलं. त्यांनी सौम्यपणे कळवलं की तो बदल आता इतरांच्या कामाखाली गेला आहे, मजकूर मागे जाऊन बदलत नाहीत. मलाही हा नियम माहीत होता. दुसऱ्यांना मी तो बजावलेला आहे.

म्हणजे तो शब्द टिकला तो दिरांच्या मंजुरीमुळे, आणि मंजुरी त्यांनी दिली ती माझ्यामुळे.

पुढचे काही दिवस चारचा चहा घ्यायला ते वर आले नाहीत. जाऊबाई येऊन बातम्या देत. "नवीन तुमचं ते घातलंय मागाच्या कम्प्युटरवर. आकडा पुढं पळतोय, कापड मागं राहतंय." मी म्हणाले, मग जुनंच ठेवा म्हणावं. त्या म्हणाल्या, "मी पण तेच बोलले. तर म्हणतात, मंजुरी दिलीय, चालवून नको बघायला?"

एका रविवारी मला मेल आला. तळमजल्यावरून. सुरुवातीला 'डिअर मॅडम', शेवटी पूर्ण नाव. सोबत एक छोटा प्रोग्राम होता, ड्रायव्हरच्या बाहेर चालणारा. तो आकडा वाचायचा, माग थांबला की दोन वजा करायचा. वजाबाकी मी म्हणत होते त्याच जागी होती. ओळींची मांडणी नेहमीसारखी तिरकी. त्यातल्या तीन ओळींचं काम एका ओळीत होणार होतं, हे मला वाचतावाचताच दिसलं. हात कीबोर्डकडे गेलाही. मग मी उठले आणि जिना उतरले.

माग चालू होता. त्या खडखडाटात बोलणं शक्य नव्हतं. मला पाहून त्यांनी मुद्दाम आडवा धागा तोडला. मागाने दोन रिकामे ठोके मारले आणि तो थांबला. पडद्यावरचा आकडा दोनने वाढला, क्षणभर राहिला, आणि दोनने खाली आला.

"आता तुमच्या गाभ्याच्या बाहेर वजा होतंय," ते म्हणाले. "चालंल?"

"चालेल. बरोबर आहे."

"तीन ओळी फालतू हायत त्यात. दिसल्या असतील तुम्हाला."

"दिसल्या."

"मग केल्या का सरळ?"

"नाही. विचारायला आले."

ते मागावर वाकले. मग तुटलेला धागा बोटांनी शोधत म्हणाले, "उतरलात ते बरं केलंत. तेव्हा उतरला असतात तर ती वजाबाकी मीच काढून दिली असती, हसत." आणि आतल्या खोलीकडे मान वळवून मोठ्याने, "अगो, चहा टाक. मॅडम आल्यात."

चहा मी तिथेच, मागाशेजारच्या स्टुलावर बसून घेतला. ओळी त्यांनी अजून सरळ करायला सांगितलेल्या नाहीत आणि मी केलेल्या नाहीत.

लग्नसमारंभात ते अजून मोबाइल पुढे करतात. फक्त हल्ली पहिलं पान दाखवतात आणि बोट पुढे सरकायच्या आत फोन खिशात घालतात. गेल्या लग्नाला मी त्यांच्या शेजारीच उभी होते. एका पोराने, "अजून खाली काय आहे, बघू," म्हटलं. ते म्हणाले, "खाली आमच्या वहिनींचं काम हाय. ते इंग्लिशमध्ये हाय, तुला न्हाय कळायचं."

कितीतरी दिवसांनी 'वहिनी' ऐकलं, आणि मी हातातल्या अक्षतांकडे बघत राहिले.