धर्माशेठच्या गाडीचा फॅन

वादळ किनाऱ्यावर येण्याच्या आदल्या संध्याकाळी ऑर्डर आली. मदतकार्यासाठी तीन गाड्या, सकाळी उजाडायच्या आत घाट उतरायचा. आमचं पोस्टिंग घाटमाथ्यावर होतं. मी हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. प्लाटूनकडच्या गाड्या जुन्या अडीच टनी. लोकांना वाटतं फौजेत सगळं नवं असतं. तसं नाही. फौजेत सगळं चालू असतं, एवढंच.

सुभेदारसाहेबांनी गाड्यांची वाटणी केली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू रायगडचा ना?"

"साहेब, माझं गाव डोंगराकडे. भातखाचरांचं. खाडीचं मला काही कळत नाही."

"रायगड म्हणजे रायगड. दोन नंबरच्या गाडीत बस."

दोन नंबरचा ड्रायव्हर नाईक भगवान. जालन्याकडचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मला उस्ताद म्हणायचा. घाट उतरताना त्याने मला बजावलं, "उस्ताद, माशाचं जेवण मिळालं तर माझं पण तुम्हीच खा. मला त्या वासानं गाडी सुचत न्हाई."

वादळ रात्री निघून गेलं होतं. अलिबागच्या पूर्वेला खारेपाटात, खाडीलगतच्या सखल खारजमिनीत शिरलो तेव्हा रस्त्यावर झाडं, विजेचे खांब, पत्रे. एक आणि तीन नंबरच्या गाड्या दुसऱ्या गावांकडे वळल्या. आमचं गाव खाडीकाठी होतं. खाडीचं पाणी अडवणारा त्याचा बांध फुटला होता आणि गावात जाणाऱ्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर पाणी होतं. होड्या वाऱ्याने तिवरांच्या झाडीत फेकलेल्या. गावातल्या एका माणसाच्या अंगावर भिंत पडली होती, त्याला अलिबागच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

आमचा नियम असा. पाण्यात गाडी घालण्याआधी खोली मोजायची. पाणी ॲक्सलच्या वर असेल तर फॅनबेल्ट काढायचा, म्हणजे फॅन फिरत नाही. फिरता फॅन पाण्यात गेला की त्याची पाती पुढे वाकतात आणि रेडिएटर कापतात. भगवानने बांबूने पाणी मोजलं. ॲक्सलच्या बरंच खाली. बेल्ट ठेवला आणि निघालो. अर्ध्या वाटेत पाणी बंपरला लागलं.

"उस्ताद, हे पानी वाढतंय की हो."

पुढून खडखडाट आला. मग वाफ. गाडी कशीबशी पलीकडे नेऊन बंद केली. खोली मोजायची, हे आमच्या नियमात होतं. मोजल्यावर पाणी वाढतं, हे नव्हतं. ती भरतीची वेळ होती.

बॉनेट उघडलं. फॅनचं एक पातं तुटलेलं, दोन वाकलेली, रेडिएटरच्या तीन नळ्या फाटलेल्या. तुटका फॅन फिरवला असता तर वॉटरपंपही गेला असता. फॅनशिवाय अलिबागपर्यंत, मोडक्या रस्त्याने, खालच्या गिअरमध्ये, इंजिन टिकलं नसतं.

जखमी माणसाचं नाव हिराजी. वय पन्नाशीच्या पुढे, मिठागरावर काम करणारा. उजवा पाय मांडीपासून चिरडलेला, गावच्या नर्सने घट्ट बांधलेला. त्याचा थोरला भाऊ धर्माशेठ. एका जुन्या ट्रकवर त्याने धंदा उभा केला होता आणि त्या ट्रकच्या केबिनवर आंब्याचं झाड पडलं होतं. त्याने आमच्या बॉनेटमध्ये वाकून पाहिलं.

"ही आणि माझी, एकाच कंपनीची हाय. माझ्या गाडीचा काढा."

"शेठ, पुढे तुमची गाडी दुरुस्त कराल तेव्हा..."

"ती आता उठत न्हाय. भाऊ उठतोय का, ते बघा."

कामाचा क्रम मला झोपेतही येतो. बॅटरीची तार काढा, अल्टरनेटरचा बोल्ट सैल करा, बेल्ट उतरवा, फॅनभोवतीचं काउल सोडवा, मग फॅनच्या हबचे चार बोल्ट. आमच्या गाडीवर अर्ध्या तासाचं काम. धर्माशेठच्या गाडीवर दोन तास गेले, कारण आधी झाड कापावं लागलं आणि मग खाऱ्या हवेने धरलेले बोल्ट. शेवटचा भगवानने छिन्नीने तोडला. फॅन हातात आला तेव्हा त्यावर हळदीकुंकवाची बोटं उठलेली दिसली, दसऱ्याच्या पूजेची.

भगवान म्हणाला, "शेठ, तुमच्यात फॅनची पन पूजा करतेत?"

"पोटाला घालतो तो. करायला नको?"

भोकं जुळली, मधली जागा भरणारा स्पेसर आमचा वापरला. फॅन उलटा तर बसत नाही ना, हे दोनदा तपासलं. उलटा बसला तरी फिरतो, फक्त हवा पुरेशी ओढत नाही, आणि ते गाडी तापल्यावर कळतं. फाटलेल्या नळ्या दोन्ही टोकांना पक्कडीने दाबून बंद केल्या. बारीक गळती राहिली. धर्माशेठच्या बायकोने कुणी न मागता मूठभर हळद आणून दिली, ती रेडिएटरमध्ये टाकली. जुने ड्रायव्हर हेच करतात. गळती थांबली. विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. घरोघरी उरलेलं पिण्याचं पाणी लोकांनी तांब्या-तांब्याने आणून रेडिएटर भरला.

आता प्रश्न पाण्याचा. धर्माशेठने बोटांवर हिशेब केला. "आज बारस. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, बाराची पाऊणपट नऊ. नवाला पुरी भरती, तिनाला पुरी ओहोटी. तिनाला रस्ता उघडा पडेल."

दीड वाजला होता. हिराजी सकाळी बोलत होता, पाणी मागत होता. आता तो बोलत नव्हता. नर्सने मला बाजूला घेतलं. "दीड तास थांबलात तर मग नेऊ नका."

मी एक नंबरच्या गाडीतल्या सुभेदारसाहेबांना रेडिओ लावला. "टू फॉर वन. गाडी तयार. पाणी मांडीइतकं, उतरतंय. ओव्हर."

"पेशंट?"

"हालत खराब. ओव्हर."

"तो चलो. आउट."

हिराजीला मागे चढवलं, बेल्ट काढला. कुणीतरी पुढे चालून रस्त्याची कड दाखवायला हवी होती. धर्माशेठ धोतर खोचून पुढे झाला. भगवानने त्याला हाताला धरून मागे नेलं. "तुम्ही भावापाशी बसा. येताना रस्त्याखालची मोरी कुठं लागली ते मी बघितलंय. उस्ताद, गाडी तुम्ही घ्या. इंजिन तापलं तर तुम्हालाच आधी कळंल."

दोर त्याच्या कमरेला, दुसरं टोक पुढच्या हुकाला. हातात बांबू. दोन्ही बाजूंना ठोकत तो चालत होता, मी मागून पहिल्या गिअरमध्ये. पाणी मांडीच्या वर गेलं नाही. मधल्या मोरीपाशी त्याने हात वर करून मला थांबवलं, बांबू डावीकडे टेकवला आणि खाली गेला. ओरडला नाही. बांबू तरंगत खाडीकडे गेला.

दोर ताठ झाला. मी हँडब्रेक ओढून उडी मारली, मागून धर्माशेठ. दोघांनी ओढलं. दोर रस्त्याच्या खाली जात होता.

"मोरीत गेलाय," धर्माशेठ म्हणाला. "ओहोटी ओढतेय त्याला. सोडत न्हाय ती."

वरून पाणी संथ दिसत होतं. साऱ्या खारेपाटात भरलेलं पाणी त्या एका मोरीतून खाडीला परत चाललं होतं. आमच्या हातांनी वीतभरही दोर येईना. मी वर चढलो आणि रिव्हर्स टाकला. अगदी हळू. दोर बाहेर आला, म्हणून मला वाटलं तो आला. नुसता दोर होता. मोरीच्या काँक्रीटवर तुटला होता.

धर्माशेठ खाडीच्या बाजूला गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि मोरीच्या तोंडाशी हात घालून चाचपत राहिला. मी हाका मारल्या. बेल्ट नसल्यामुळे तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकत होता.

"टू फॉर वन. ड्रायव्हर पाण्यात गेला. दिसत नाही. ओव्हर."

"पेशंट?"

"जिवंत आहे. ओव्हर."

"गाडी आगे लो. सर्च पार्टी भेज रहा हूँ. आउट."

मी धर्माशेठला वर ओढलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मोरीची डावी बाजू खचलेली आहे हे आता आम्हाला माहीत होतं. उजव्या कडेने गाडी काढली. पलीकडे थांबून बेल्ट चढवला, ताण अंगठ्याने दाबून पाहिला, बोल्ट आवळला. हातांनी सगळं क्रमाने केलं. अलिबागपर्यंत काटा मधोमध राहिला.

हिराजीचा पाय त्याच संध्याकाळी कापला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. भगवान तिसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला, खाडीच्या खालच्या अंगाला, तिवरांच्या मुळांत. ओळख मी पटवली. पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जबाब दिला, धर्माशेठने दिला. दोष कुणाचा नाही असं ठरलं. त्या निकालाचा मला कधी उपयोग झाला नाही.

पार्थिवाबरोबर एस्कॉर्ट म्हणून मी भगवानच्या गावी गेलो. मानवंदना झाली, बिगुल झालं. संध्याकाळी लोक पांगल्यावर त्याच्या वडिलांनी मला ओट्यावर बसवलं. त्यांच्या गावात तेव्हा पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी येत होता. मी त्यांना सगळं सांगितलं: वादळ, बांध, भरती, ओहोटी, मोरी. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"पानी किती होतं?"

"मांडीइतकं."

त्यांनी बसल्या जागी हाताची कड आपल्या मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"इथवर?"

मी म्हणालो, "हो. इथवर."

त्यांनी हात तिथून उचलला नाही.