धोंडुबाईचा राखणीचा कोंबडा

जनावरांच्या डॉक्टरने गावात शिरताच आपला पेशंट आपणच तयार करावा, हे काही बरं नाही. पण जगन डॉक्टरने ते केलं. रोह्याहून लस टोचायला आला आणि धोंडुबाईच्या अंगणात स्कूटर मागे घेताना तिच्या तीन महिन्यांच्या कोंबड्याच्या शेपटीवर चाक घातलं. कोंबडा वाचला, शेपटी जी लोळली ती वर होईना.

कोंबडा साधा असता तर भागलं असतं. हा राखणीचा, गावाची राखण करणाऱ्या देवीला वर्षाला द्यायचा होता. आदल्या साली मानमोडीच्या रोगाने धोंडुबाईचं खुराडं रिकामं केलं, तेव्हा नव्या पिल्लांतलं एक ती गावदेवीला बोलली होती. धाटावच्या कंपन्या तेव्हा नुकत्या धडधडू लागल्या होत्या. पहिल्या शिफ्टची माणसं तिच्याकडची उकडलेली अंडी खाऊनच आत जात. त्यावर तिची चूल पेटे. आता बोललेला कोंबडा देवीआधी गेला, तर मानमोडी परत येणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

बाकी सगळ्याबद्दल होती. लग्नात नवऱ्याने, पुंडलिकने, घातलेलं मंगळसूत्र तिने मांडवातच सोनाराला दाखवलं होतं. पेणहून गणपती आणला की त्याचीही बोटं मोजून मगच पाटावर बसवायची. अशा बाईला डॉक्टर समजावू लागला.

"कोवळ्या कोंबड्याला शेपटीच्या मुळाशी, आत, एक पिशवी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. तिकडे जाणारी नस चेंगरली असेल, तर त्या पेशी घटतात का, ते मला बघायचंय."

"बगनार कसं?"

"कापून."

"आनि बाकीचा कोंबडा?"

डॉक्टर हातातल्या रिकाम्या बाटलीचं बूच पुसू लागला. धोंडुबाईने कोंबड्यावर डालगं घातलं आणि डालग्यावर वरवंटा ठेवला.

डॉक्टर एक दिवसाआड येऊ लागला. कोंबडा मोठा झाला की पिशवी आपोआप आटते, म्हणून त्याला घाई. त्यात एकदा म्हणाला, "ताडून बघायला एखादा धड कोंबडाही लागेल."

"ऐकलंस गो विमल?" धोंडुबाई कुंपणापलीकडे ओरडली. "एकानं पोट नाय भरत याचं!"

"मंग स्कूटर मुद्दामच घातली असंल गो," विमलबाईने निकाल दिला.

त्यानंतर स्कूटरचा आवाज आला, की गावभर कोंबड्या खुराड्यात कोंडल्या जात.

शेवटी डॉक्टरलाच सुचलं. "राखणीला घरोघरचे कोंबडे देवीपुढे कापणारच ना? मग आधी मान देवीचा. याची पिशवी तेवढी मला द्या. धड कोंबड्यांच्या मी बाकीच्या घरांतून मागून घेतो."

धोंडुबाईने डालग्याकडे पाहिलं, मग डॉक्टरच्या बाटलीकडे. बाटलीत तंगडी मावण्यासारखी नव्हती.

"मानमोडीचं काय कलंल त्यातनं?"

"कदाचित. कळलं तर आधी तुम्हाला सांगेन."

राखणीला कोंबडा देवीपुढे गेला, लोळत्या शेपटीसकट, पण जिवंत. मान झाल्यावर डॉक्टरने करवंदाएवढी पिशवी काढली; धोंडुबाई त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"आता तरी संशय फिटला ना, धोंडुबाई?" बाटलीला बूच लावत त्याने हसून विचारलं.

तिने कापलेल्या कोंबड्याचा टोप पदराखाली घेतला.

"तंगड्या मोजल्याबिगर नाय."