सायकसची पालवी

जळलं मेलं ते सायकस! शेजारच्या तेरेझाच्या दारात आहे म्हणून, नाहीतर मी कधीच उपटून टाकलं असतं.

तिच्या नवऱ्याने, मिंगेलने, लग्नाच्या वर्षी ते लावलं. दिसायला बुटका माड, चाळीस वर्षांत बुंधा जेमतेम कमरेएवढा. ईस्टरआधी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये त्याचीच पानं नेतात, लवकर सुकत नाहीत म्हणून. पण इतर झाडांसारखं एकेक पान फुटणं याला ठाऊक नाही. आमच्या रेडी गावच्या कातळात ते वर्षानुवर्षं गप्प बसतं. मग शेंड्यावरचा मधला गड्डा फुगतो आणि सगळी पानं एकदम वर येतात, मऊ, लवदार, टोकं आत वळलेली. ती कडक होईपर्यंत तेरेझाच्या घरातलं एक माणूस जातं. आधी सासू गेली, मग दीर, मग मिंगेल.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा पालवी आली. उरला होता एकुलता मुलगा डायलन, जहाजावर नोकरीला. महिन्याच्या सुट्टीवर यायचा होता. तेरेझाने त्याला फोनवर सांगितलं, "येव नको."

मी तडकले. "शाळेत पोरांका विज्ञान शिकयलंस मा गो? आणि झाडाक भिऊन पोराक दार बंद?"

"माका सगळा कळता, हौसा. पण डायलन माका एकच आसा."

रविवारी ती चर्चला गेली तशी मी कोयतीने सगळी कोवळी पानं छाटली. काकडीसारखी कापली गेली. मग डायलनला फोन लावला, "ये रे बाबा, झाडाचा मी बघलंय."

डायलन आला. तेरेझा रोज सकाळी छाटलेल्या गड्ड्यावर हात फिरवून बघायची. त्याची सुट्टी संपत आली आणि गड्डा पुन्हा फुगला. सगळी पानं छाटली की सायकस ती सगळी पुन्हा काढतं, हे कुठल्याही माळ्याला ठाऊक असतं. मला नव्हतं. कोयती घेऊन धावले, तर तेरेझाने मनगट धरलं.

"कापू नको. परवा तो जाता. तवसर मी बघतंय."

दोन दिवस तिने त्याला मागल्या दारानेच ये-जा करायला लावली. स्वतः झाडाजवळ खुर्ची टाकून बसली. गुरुवारी मागूनच त्याला रिक्षात बसवलं. मला रडू आवरेना. माझ्याच तापट डोक्याने पोराला इथे आणलं होतं.

रिक्षा दिसेनाशी झाली, तशी तेरेझा कितीतरी दिवसांनी हसली. पालवी बोटभर वर आली होती.

"रडतंस कित्याक? आता घरात मी एकटीच. आता झाडाची चूक होवची नाय."